चुडा भरायच्या आधी

माय,

आज माझ्या उजव्या हातावर चार ओरखडे आहेत आणि डाव्या हातावर दोन. तुझ्या नातीने घरात कुत्र्याचं पिल्लू आणलं आहे. चार महिन्यांचं आहे, दुधाचे दात पडताहेत, आणि टेबलाचा पाय, दाराची चौकट, चटईची कड या सगळ्यांपेक्षा त्याला माणसाचा हात जास्त आवडतो. काल तुझी नात मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ बघत होती. ती बाई सांगत होती की पिल्लाने हात धरला तर ओढून घ्यायचा नाही, ओढला की त्याला तो खेळ वाटतो. नात मला म्हणाली, "आई, तुला हे माहीत होतं?" मी म्हटलं, होतं. "मग सांगितलं का नाहीस?" सांगायचं तर तुझ्यापासून सुरुवात करावी लागली असती आणि तिला कॉलेजला जायची घाई होती. म्हणून तुला लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं हे लिहायला बसल्यावर आठवलं. तरी लिहिते.

पांढुर्ण्याचं आपलं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, मागे परसात पेरूचं झाड, समोर छपरी. छपरी तुझी. तिथे तुझी सतरंजी, बांगड्यांच्या पेट्या आणि पेट्या झाकायची जुनी हिरवी चादर. बाजाराच्या दिवशी तू डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन बाजारात जाऊन बसायचीस, बाकीचे दिवस बाया छपरीत यायच्या. बाई समोर मांडी घालून बसते. तू तिचा हात हातात घेतेस, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहतेस आणि माप सांगतेस, सव्वादोन, अडीच. मग तिची बोटं एकत्र गोळा करतेस, अंगठा तळव्याकडे वळवतेस आणि म्हणतेस, "हात ढिला सोड." प्रत्येक बाई म्हणते, सोडलाच आहे. कोणीच सोडलेला नसतो. मग तू तिला तिच्या सासूबद्दल विचारतेस, नाहीतर या वर्षीच्या कपाशीबद्दल, आणि ती बोलायला लागली की हात तिच्या नकळत सैल होतो. तोवर बांगडी मनगटावर गेलेली असते.

बाबा रेल्वेत, तिगाव स्टेशनवर खलाशी होते. मी सहावीत होते त्या वर्षी, संक्रांत होऊन गेल्यावर, एका संध्याकाळी ते पॅसेंजरने परत आले ते डब्याच्या पिशवीत पिल्लू घेऊन. तांबूस रंगाचं, छातीवर पांढरा ठिपका. मालधक्क्यापाशी एकटंच कुंईकुंई करत होतं म्हणाले. तू पिशवीत वाकून पाहिलंस आणि विचारलंस, "डब्बा कुठं आहे?" डबा तिगावलाच राहिला होता. "कुत्रं आठवलं, डब्बा नाही आठवला," तू म्हणालीस, आणि वाटीत दूध ओतलंस. त्याचं नाव ठेवायचं आपण रोज ठरवत होतो. ते शेवटपर्यंत ठेवलं गेलं नाही. पुढे ते गुडघ्याएवढं झालं, म्हातारं झालं, तरी आपण त्याला पिल्लूच म्हणत राहिलो.

शिमग्याच्या सुमाराला त्याचे दात शिवशिवायला लागले. आधी त्याने बाबांचा पंचा संपवला, मग झाडूची मूठ, मग ते हातांवर आलं. छपरीत बाई बसली, तिने हात पुढे केला की हे आतून धावत येई आणि त्याच हाताला तोंड घाली. रागाने नव्हे. शेपटी हलवत, फार आनंदात. पण दात सुईसारखे होते, आणि तेव्हा कुत्र्याचा दात म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं. आपल्या गल्लीतलं प्रत्येक माणूस त्या चौदा इंजेक्शनांबद्दल स्वतः घेतल्यासारखं बोलायचं. दोन बायांनी तुझ्याकडे येणं सोडलं, त्या स्टेशनकडच्या दुकानात जाऊ लागल्या. तू ते मला सांगितलं नाहीस, बाबांना सांगितलंस, मी ऐकलं.

"लग्नसराई तोंडावर आहे," तू म्हणालीस. "एका जरी बाईले दात लागला, तर मी याले मोहगावले पाठवतो."

"कुत्र्याले दात आले का ते चावतेच," बाबा म्हणाले. "माणसाच्या पोराले नाही का येत दात?"

"माणसाचं पोरगं गिऱ्हाइकाले नाही चावत."

मोहगावला मोठ्या काकांची संत्र्याची बाग होती. बागेत दोन मोठे राखणीचे कुत्रे होते. आधीच्या वर्षी तिथे नेलेलं एक पिल्लू त्यांनी आठ दिवसांत संपवलं होतं. हे बाबांना माहीत होतं, तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला. "हाताले मिरची चोपड, बाई. दोन दिवसांत सुधरन." तू लाल मिरची पाण्यात कालवून दोन्ही हातांना चोळलीस. पिल्लाने एकदा चाटलं, शिंकलं आणि पुन्हा चाटायला आलं. आपल्या घरचा उरलेला रस्सा खाऊनच ते वाढलं होतं, त्याला त्यात नवीन काही लागलं नाही. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. तू हात पुसलेस, पण पुसून मिरची जाते थोडीच. तू त्यांचा हात धरलास, दाबलास, बोटं गोळा केलीस, डझनभर बांगड्या भरल्यास. त्यांचा हात भाजल्यासारखा झाला, त्यांनी त्याच हाताने डोळा चोळला, आणि मग छपरीत जे झालं ते मी दाराआडून पाहिलं. डोळ्याला पदर लावून त्या म्हणाल्या, "बांगड्या भरून राहिली का भाजीले फोडणी देऊन राहिली?" मी त्यांच्या डोळ्यांवर तांब्याने पाणी मारत होते आणि हसू येऊ नये म्हणून ओठ चावत होते. तूही खाली बघत होतीस. त्या गेल्यावर आपण दोघी एकमेकींकडे न बघता आत गेलो, आणि चुलीपाशी तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं.

मग बाबांनी मारून पाहिलं. नाकावर टिचकी, मग चापट. पिल्लू मागे सरके, पुढचे पाय पसरून भुंके आणि दुप्पट जोराने हातावर येई. तू बघत होतीस. "मारू नका," तू म्हणालीस. "तो काही शिकून नाही राहिला. तुमच्यासंगं खेळून राहिला." तुझ्या मनात काहीतरी चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा तू मला समोर बसवलंस.

"पोट्टे, हे पिल्लू तुह्या बाबाले आपण होऊन काहून चावत नाही?"

"मले काय माहीत."

"पोस्टमनले नाही चावत. दूधवाल्याले नाही चावत. बायाच्याच हाताले काहून जाते?"

मी पेरूच्या झाडाकडे पाहत होते. तू छपरीच्या खिळ्यावरून जोडी नसलेल्या बांगड्यांची माळ काढलीस, सुतळीत ओवलेली. नुसती हलवलीस. पिल्लू परसातून बाणासारखं आलं आणि थेट तुझ्या बोटांना लागलं.

मी त्याला त्याच माळेने बोलवायचे. त्याला नाव नव्हतं, मग हाक कशी मारणार? तू छपरीत नसलीस की मी माळ वाजवायचे, ते आलं की भाकरीचा तुकडा बोटांत धरून त्याला द्यायचे. दिवसातून कितीदा तरी. त्याला एवढंच कळलं होतं की बांगड्या वाजल्या की हातात खायला असतं. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झाली नसती. आपल्या घरात दिवसभर बांगड्याच वाजत होत्या.

मी रडायच्या बेतात होते. तू रागावशील असं वाटलं होतं. तू माळ खिळ्याला परत टांगलीस. "त्याचा काही दोष नाही," तू म्हणालीस. "त्याले तू शिकवलं. तो शिकला, तुह्यापेक्षा लवकर शिकला. आता तूच त्याले ते विसरव." सौसरचं एक लग्न ठरलं होतं, नवरीकडच्या बाया रामनवमी झाल्यावर चुडा भरायला तुझ्याकडे येणार होत्या. तेवढे दिवस माझ्याकडे होते. "नाही जमलं तर मोहगाव," तू म्हणालीस, आणि माझे दोन्ही हात ओढून घेऊन दोन्हींत बारा-बारा बांगड्या भरल्यास. "आता वाजव दिवसभर. अन् हातातून काही देऊ नको त्याले. वाजलं का ताटलीत टाक, खाली."

काचेच्या बांगड्या रोज काढता-घालता येत नाहीत, म्हणून मी त्या घालूनच शाळेत जात होते. वहीत लिहिलं की वाजत. पान उलटलं की वाजत. गणिताचे सर भोपाळकडचे होते, ते फळ्याकडून वळायचे आणि विचारायचे, "क्लास में शादी है क्या?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. मी हात मांडीवर ठेवून बसायचे, आणि उत्तर येत असूनही हात वर करायचे नाही. घरी आले की पिल्लासमोर उभी राहायचे, हात हलवायचे, ताटलीत तुकडा टाकायचे. ते ताटलीतलं खायचं आणि मग वर उडी मारून मनगट धरायचं. मी ओढायचे. ते आणखी धरायचं. चार दिवसांत माझ्या चोवीस बांगड्यांच्या सतरा राहिल्या.

सापडलं ते तुला, आणि तू शोधत नव्हतीस. एक नवी सून आली होती, हाडाचा कडक हात, अडीचसुद्धा जाईना. तू तिचा हात डाव्या हातात धरून तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल विचारत होतीस. तुझा उजवा हात क्षणभर मोकळा खाली आला आणि पिल्लाने तो धरला. तू ओढला नाहीस. ओढला असता तर तुझं अंग हललं असतं आणि तिच्या हातावर अडकलेली बांगडी फुटली असती. तू तो हात नुसता सोडून दिलास, ओल्या फडक्यासारखा, आणि विहिरीबद्दल बोलत राहिलीस. पिल्लाने दोनदा चावून पाहिलं. वाट पाहिली. मग हात तोंडातून सोडला आणि माझ्याकडे येऊन बसलं, जरा खट्टू होऊन. सून गेल्यावर तू हाताकडे पाहिलंस. लाल झाला होता, फाटला नव्हता.

"इकडे ये," तू म्हणालीस. "हात दे."

तू माझा हात बांगडी भरायला घेतात तसा घेतलास. दाबलास. "ढिला सोड."

"सोडला आहे."

"नाही सोडला. खांद्यापासून सोड." मी सोडायचा प्रयत्न केला. तू म्हणालीस, तुह्या गणिताच्या सरांचं काय नाव आहे, ते कुठं राहतात, त्यांची बायको काळी का गोरी. मी सांगायला लागले आणि हात कधी सैल झाला मला कळलं नाही. तू तो अलगद पिल्लाच्या तोंडापाशी नेलास. त्याने धरला. मला ओढावंसं वाटलं आणि तू दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून ठेवलास. "सरांच्या पोरीचं सांग," तू म्हणालीस. मी सांगितलं. पिल्लाने सोडून दिलं.

त्यानंतर तू त्यात तुझी स्वतःची एक रीत घातलीस. पिल्लाने हात धरला की हात सैल, आणि त्याने सोडलं की लगेच उठायचं, पाठ फिरवायची, पेट्यांवर हिरवी चादर टाकायची. "दुकान बंद," तू म्हणायचीस, फार भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचीस तशीच. थोड्या वेळाने चादर निघायची. न चावता बसलं तर माठाखाली गार केलेलं गाठीचं फडकं त्याला मिळायचं, ते पिल्लू तासभर चावायचं. पहिले दोन दिवस दुकान सारखं बंद होतं. तिसऱ्या दिवशी मी हात हलवले तर ते ताटलीकडे गेलं. पाचव्या दिवशी तोंड उघडून मनगटापर्यंत आलं, थांबलं, आणि स्वतःच चादरीकडे पाहिलं. बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "आमच्या तिगावले पाठव याले, सिग्नल पाळन."

सौसरच्या बाया रविवारी आल्या. जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून, बसने, बारा जणी. नवरी, तिची आई, आत्या, एक म्हातारी आजी आणि बाकीच्या मैत्रिणी नि मावश्या. आत्या छपरीत पाऊल ठेवायच्या आधीच म्हणाली, "कुत्रं अगोदर बांधा." मी त्याला परसात पेरूला सुतळीने बांधलं. ज्याचे दात शिवशिवताहेत त्याला सुतळीने बांधलं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तू नवरीच्या डाव्या हातात अर्धा चुडा भरला होतास आणि चोवीस हातांच्या बांगड्या एकदम वाजत होत्या, तेव्हा ते गळ्यात चावलेल्या सुतळीचं टोक घेऊन आलं. छपरीच्या मधोमध उभं राहिलं. एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मी ताटलीकडे वळले. मग त्याने नवरीचा खाली लोंबणारा उजवा हात तोंडात घेतला.

तू वर पाहिलं नाहीस. तुझ्या बोटांत बांगडी होती. ज्या आवाजात तू तिला तिच्या होणाऱ्या नणंदेबद्दल विचारत होतीस त्याच आवाजात म्हणालीस, "बाई, तोही हात ढिला सोड."

आणि तिने सोडला. पिल्लाने हात धरून ठेवला, मग तोंड उघडलं आणि चादरीच्या बाजूला जाऊन बसलं. नवरीच्या तळव्यावर रक्त होतं.

"पाह्य, रक्त," आत्या म्हणाली. "हळदीच्या अगोदर पोरीले चौदा सुया. आता लग्न कसं होईन?"

"बसा," तू म्हणालीस. तू हातातली बांगडी आधी मनगटावर नेलीस, मग पदराने तिचा तळवा पुसलास. रक्ताखाली जखम नव्हती. जोंधळ्याच्या दाण्याएवढा एक दात होता. तू पिल्लाचा जबडा धरून ओठ वर केलास, हिरडीत ताजं भोक होतं. "रक्त त्याचं आहे," तू म्हणालीस. "दात त्याचा पडला." आत्येने तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, नवरीच्या आईने पाहिला. नवरी म्हणाली, "मले नाही चावला. धरला नुसता." मग आजी पुढे वाकली. ती म्हणाली, "पोरगी अजून सासरी गेली नाही, अन् आतापासून दात पडून राहिले हिच्या हातात." पहिली नवरी हसली, मग सगळ्या. आत्या सगळ्यात शेवटी.

पिल्लू मोहगावला गेलं नाही. आपल्याकडे अकरा वर्षं राहिलं. पुढे तू ही गोष्ट प्रत्येक अवघडलेल्या हाताला सांगायचीस, हात सैल होईपर्यंत. मीही कितीदा तरी तिथे बसून ऐकली. शेवटी तू म्हणायचीस की इतक्या वर्षांत एका बाईले त्याचा दात लागला नाही, आणि मग माझ्याकडे पाहायचीस, आणि मी मान डोलवायचे.

त्या दिवशी बाया निघताना हात धुवायला परसात आल्या. नवरीच्या हातांवर मी तांब्याने पाणी घालत होते. उजव्या करंगळीच्या बाजूला, तळव्यापासून दूर, एक बारीक लाल रेघ होती. आत्येला ती दिसली नव्हती, तुलाही नव्हती. मी पाहते आहे हे नवरीने पाहिलं. मी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बांगडीचा ओरखडा आहे," आणि हात पदराला पुसला. त्या दिवशी तुझ्या हातून एकही बांगडी वाढली नव्हती. बारा जणींचे हात भरले आणि एक काच गेली नाही, हे तू रात्री बाबांना दोनदा सांगितलंस.

गल्लीत सगळे म्हणायचे की कुत्रं दहा दिवस जगलं तर भीती नाही. मी दहा दिवस सकाळी उठून आधी पिल्लाची ताटली पाहायचे, खाल्लंय की नाही. ते रोज खात होतं. अकराव्या दिवशी मी खूप झोपले. श्रावणात ती नवरी माहेरी आली आणि हिरव्या बांगड्या भरायला तुझ्याकडेच आली, जाड झाली होती, बोलत होती, आणि मी पहिली तिची करंगळी पाहिली. काही नव्हतं. तिने माझ्याकडे पाहून डोळे बारीक केले आणि तुझ्यापुढे हात केला.

आता ताट वाढायची वेळ झाली आहे आणि इथलं पिल्लू या कागदाचं टोक चावतं आहे. कागद मी कपाटात ठेवणार आहे, नातीलाही दाखवणार नाही. ती त्या व्हिडिओतल्या बाईवर पूर्ण विश्वास ठेवून हात सैल सोडते आहे आणि ते बरंच आहे. पण तू ती गोष्ट संपवून माझ्याकडे पाहायचीस ना, तेव्हा मी वीस वर्षं मान डोलवली. एकीला लागला होता, माय. थोडासा.